‘डेटा कुणालाही दाखवू नकोस’ याबद्दल

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज वाचला. एवढ्या लांब मेसेजला अंगठ्याने उत्तर टाइप करायचं म्हणजे माझा अख्खा दिवस जाईल, म्हणून सरळ कागद घेतला. कुरियर नेरूळला पोचेपर्यंत तुझा राग थोडा उतरलेला असेल, तेही बरंच.

तुझ्या तक्रारी दोन. पहिली, गाईडनी विषय दिला तो बांधकाम मजुरांमधल्या व्हायवॅक्स या परजीवीने होणाऱ्या मलेरियाचा. बरोबरची मुलं जीनोम, क्रिस्पर असलं काही करताहेत आणि तुला मात्र हा विषय महापालिकेच्या दवाखान्यातला वाटतो. दुसरी, त्यांनी बजावलंय की पेपर छापून येईपर्यंत डेटा कुणालाही दाखवायचा नाही. आणि मी तर तुला एम.एस्सी.पासून उलटंच सांगत आले. मग ऐकायचं कुणाचं?

गाईडचं अर्धं ऐक. कुठलं अर्धं, ते सांगायला जरा वेळ लागेल.

आधी विषयाचं बोलू, कारण दुसऱ्या तक्रारीचं उत्तर त्यातूनच निघतं.

फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा दुसरा परजीवी, प्रयोगशाळेत वाढवता येतो हे तुला माहीत आहे. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी तो माणसाच्या तांबड्या पेशींत सलग वाढवून दाखवला. त्याला हवेत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त लागतो. त्यांनी काय केलं, तर डेसिकेटरमध्ये, म्हणजे काचेच्या हवाबंद भांड्यात, बश्या ठेवल्या, शेजारी मेणबत्ती लावली आणि झाकण घातलं. मेणबत्ती विझायला आली की तोटी बंद. महागडं काही नाही, त्यामुळे ही पद्धत गरीब देशांतल्या प्रयोगशाळांनाही जमली. आणि मग परजीवीचे वाण, म्हणजे एकेका रुग्णाकडून घेऊन वाढवत ठेवलेले वंश, या प्रयोगशाळेतून त्या प्रयोगशाळेत फिरू लागले, अगदी विरजणासारखे. आपलं बिघडलं तर शेजारून आणायचं, शेजारचं बिघडलं तर आपण द्यायचं. आज जगभर सर्वांत जास्त वापरला जाणारा वाण म्हणजे ३डी७. तो ज्या एनएफ-५४ या वाणातून काढला, तो ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाजवळ राहणाऱ्या एका रुग्णाच्या रक्तातला. ती व्यक्ती मलेरियाच्या देशात गेलेलीच नव्हती. बहुधा डासच विमानाने आला. २००२ मध्ये फाल्सिपेरमचा पूर्ण जीनोम छापून आला तो याच ३डी७चा. तुझ्या मैत्रिणी कॉम्प्युटरसमोर बसून ज्या अक्षरांशी खेळतात, त्यांच्या मुळाशी तापाने फणफणलेलं एक माणूस आहे. त्याचं रक्त घेणारं, वाण गोठवून ठेवणारं आणि मागेल त्याला तो पाठवणारं कुणीतरी आहे.

व्हायवॅक्सचं तसं नाही. तो अजूनही बशीत सलग वाढवता येत नाही. त्याला कोवळ्या तांबड्या पेशी लागतात, रेटिक्युलोसाइट, आणि निरोगी रक्तात त्या शंभरात एखाद-दुसऱ्या असतात. २००८ मध्ये त्याचा पहिला जीनोम आला तो साल-१ या वाणाचा. एल साल्वाडोरमधल्या रुग्णाकडून घेतलेला हा वाण माकडांमध्ये राखून ठेवलेला होता. ज्याला माकडं परवडत नाहीत, किंवा माकडात वर्षानुवर्षं राहिलेला वाण नको आहे, त्याला रुग्णाच्या दारात यावं लागतं. म्हणजे बघ, पावसाळ्यात सकाळी दहा वाजता तुमच्या ओपीडीच्या बाकावर जे कुडकुडत बसलेलं असतं ते बोस्टनला विकत मिळत नाही. आणि तुला म्हणे विषय लहान वाटतो!

आता मजूरच का. १९८२ मध्ये क्रोटोस्की आणि सहकाऱ्यांनी व्हायवॅक्सच्या यकृतात दबा धरून बसणाऱ्या अवस्था दाखवल्या, हिप्नोझॉइट. ताप उतरतो, रक्त स्वच्छ होतं, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डास न चावताच मलेरिया पुन्हा उभा राहतो. म्हणून तर यकृतातल्या या अवस्था मारणाऱ्या प्रिमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घेण्याचा आग्रह. त्याआधी जी६पीडी या तांबड्या पेशींतल्या विकराची कमतरता आहे का, हे बघायला हवं; असेल तर या गोळीने पेशी फुटतात. तिसऱ्या दिवशी ताप गेला की गोळ्या थांबवून कामावर जाणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. खाडा झाला की रोज बुडतो त्याचा. तर घणसोलीच्या साइटवर जुलैत ताप आलेल्या माणसाला डास नवी मुंबईत चावला, की होळीला गावी गेला तेव्हा, की त्याआधी तिसऱ्याच शहरातल्या साइटवर? स्लाइड हे सांगत नाही. जनुकीय तपासणीही एकटी सांगू शकत नाही. त्याला विचारावं लागतं, त्याच्या भाषेत, घाई न करता, आणि मुकादम बाजूला उभा नसताना.

डासाचंही तसंच. लिफ्टचा खड्डा, पिंपं, गच्चीवरच्या उघड्या टाक्या, भिजत ठेवलेल्या स्लॅबवरचं पाणी: ॲनॉफिलिस स्टीफेन्साय हा मलेरिया पसरवणारा डास असल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यावर पोसतो. त्याचं पहिलं वर्णन लिस्टनने १९०१ मध्ये केलं. मुंबईतल्या मलेरियाचं मूळ घरोघरच्या विहिरींत आणि टाक्यांत आहे हे बेंटलीच्या १९११च्या अहवालात आलं आणि विहिरी बुजवण्यावरून, झाकण्यावरून शहरात बरीच खळखळ झाली. हाच डास २०१२ मध्ये जिबूतीत आणि २०१६ मध्ये इथिओपियात सापडला. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः खेड्यापाड्यांतला; शहरात, टाकीत वाढणारा वाहक त्यांना नवा. आपल्याला तो शंभर वर्षांहून जास्त ओळखीचा. तू कोपरखैरण्याच्या एका साइटवर पाण्याच्या कुठल्या साठ्यात अळ्या मिळाल्या आणि कुठल्यात मिळाल्या नाहीत एवढं नीट लिहून ठेवलंस, तरी ते वाचायला उत्सुक असलेला माणूस अदिस अबाबात असू शकतो.

इथेच तुझा दुसरा प्रश्न येतो. ते त्या माणसापर्यंत पोचणार कसं, आणि कधी?

रोनाल्ड रॉसची गोष्ट आपल्याकडे शाळेपासून सांगतात, पण तिच्यातला पत्रांचा भाग गाळून. रॉस हिंदुस्थानात लष्करी डॉक्टर होता आणि लॅव्हरनने १८८० मध्ये अल्जीरियात पाहिलेला मलेरियाचा परजीवी खरा आहे, यावर त्याचा विश्वासच नव्हता. १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन या ज्येष्ठ डॉक्टरने त्याला तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. त्यानंतर चार-पाच वर्षं रॉसने मॅन्सनला शंभरावर पत्रं लिहिली. आज काय पाहिलं, काय दिसलं नाही, कुठला डास मेला, कुणी बोट टोचून द्यायला नकार दिला, सगळं. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला, हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेल्या डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला रंगद्रव्याचे कण असलेल्या पेशी दिसल्या. (हुसेन खानला डासामागे एक आणा मिळायचा. तुझ्या एथिक्स कमिटीला हे सांगू नकोस.) रॉसने काय केलं? स्लाइड लंडनला पाठवल्या. डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचं टिपण आलं, तेव्हा त्या स्लाइड स्वतः पाहून मॅन्सनने दिलेलं मतही सोबत होतं. सिकंदराबादच्या एका खोलीत एकट्याने पाहिलेली गोष्ट, दुसऱ्या डोळ्यांनी तपासलेली, अशी ती जगापुढे गेली.

त्यात मॅन्सनची मूळ कल्पना अर्धी चुकलेली होती. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला मलेरिया होतो, असं त्याला वाटायचं. १८९८ मध्ये कोलकात्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करताना रॉसला परजीवी डासाच्या लाळग्रंथीत सापडले, आणि अशा डासांनी चावलेले निरोगी पक्षी आजारी पडले. गुरूची कल्पना बाद झाली. गुरूने काय करावं? त्याच जुलैत एडिनबरोला डॉक्टरांच्या परिषदेत त्याने शिष्याचा निष्कर्ष स्वतः उभं राहून सांगितला. मला या सगळ्या प्रकरणात शोधापेक्षा हे जास्त आवडतं, आणि ज्या गाईडला हे जमतं त्याच्याकडे पीएचडीला पाच वर्षं जास्त लागली तरी चालतील असं माझं मत आहे. तुझ्या आईला हे मत पटणार नाही.

पण पुढचं ऐक, कारण तुझ्या गाईडची भीती तिथे आहे. त्याच वर्षी इटलीत ग्रासी, बिग्नामी आणि बास्तियानेल्ली यांनी माणसाच्या मलेरियाचा परजीवी ॲनॉफिलिसमध्ये पूर्ण वाढतो हे दाखवलं. मग रॉस आणि ग्रासी यांच्यात शोध कुणाचा यावरून जे भांडण जुंपलं ते दोघांनाही शोभणारं नव्हतं. १९०२चं नोबेल एकट्या रॉसला मिळालं, तरी त्याची कटुता गेली नाही. या भांडणात कोण बरोबर यावर पुस्तकं भरतील. मला त्यातली एक साधी बाब महत्त्वाची वाटते. रॉसला डासांची नावं येत नव्हती. तो ‘ठिपकेदार पंखांचा डास’, ‘करडा डास’ असं लिहायचा. ग्रासी प्राणिशास्त्रज्ञ, त्याने जात सांगितली. कुठल्या जातीचा डास हे पक्कं सांगता येईना तिथे दुसऱ्याला शिरायला जागा मिळाली. पत्रं लिहिल्यामुळे रॉसचं काही गेलं नाही. त्याची अडचण झाली ती डास ओळखणाऱ्या माणसाचा हात वेळेवर न मिळाल्यामुळे.

तेव्हा तुला माझा पहिला आग्रह हा, की जे ओळखता येत नाही ते ओळखणाऱ्याकडे ने, आणि लवकर ने. डासाची अळी असो, स्लाइडवरचा विचित्र आकार असो, कुणी आणून दिलेला किडा असो. यात गुपित फोडल्यासारखं काही नाही.

यासाठी नमुना नेण्यालायक हवा. इथे थोडी रेंगाळते, कारण चांगल्या शिकलेल्या मुली इथे ढिसाळ असतात. रक्त ईडीटीएच्या, म्हणजे ते गोठू न देणाऱ्या, नळीत घेऊन दुपारपर्यंत तसंच ठेवलंस तर परजीवींचे आकार बदलतात, गॅमिटोसाइट, म्हणजे डासात जाऊन पुढे वाढणाऱ्या अवस्था, तर भलतेच काही करू लागतात. मग दुसरा तज्ज्ञ काय सांगणार कपाळ? शक्यतो बोटातून थेट थेंब, नाहीतर नळी हातात आल्याबरोबर स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा थर. जाड आणि पातळ दोन्ही. जिम्सा या रंगाच्या बफरचा पीएच ७.२ ठेव, आम्लाकडे झुकला तर व्हायवॅक्सची खूण असलेले शुफनरचे ठिपके तांबड्या पेशीत उमटत नाहीत, आणि मग ‘ठिपके नाहीत म्हणजे व्हायवॅक्स नाही’ असा निष्कर्ष निघतो, जो बफरच्या बाटलीबद्दल असतो, रुग्णाबद्दल नसतो. सरकारी केंद्रांतून येणाऱ्या स्लाइड बहुधा जेएसबी रंगाच्या असतील. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी १९४४ मध्ये आपल्याकडेच काढलेला तो रंग; झटपट आणि स्वस्त. त्याला नाकं मुरडू नकोस, फक्त कुठला रंग ते नोंदव. आपल्या जुलैच्या हवेत जाड स्मिअर लवकर वाळत नाही आणि लेन्सवर बुरशी धरते. सिलिका जेलचे पुडे बदलायला प्रयोगशाळेत कुणीच नसतं, ते तू बदल. निगेटिव्ह म्हणण्याआधी जाड स्मिअरची निदान १०० क्षेत्रं पाहा, आणि पाहिलेली क्षेत्रं लिही.

आणि लेबल. पेन्सिलीने, स्लाइडच्या घाशीव टोकावर. पेनाची शाई मिथेनॉलमध्ये जाते. तारीख, सांकेतिक क्रमांक, कुठून. वहीत त्या क्रमांकापुढे बाकीचं: गेल्या वर्षभरात कुठे कुठे होता, आधी कधी ताप आला होता, गोळ्या किती दिवस घेतल्या, आत्ता येण्याआधी मेडिकलमधून काय घेऊन खाल्लं. तुला आज अनावश्यक वाटणारं असं काही त्यात हवं. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत ज्याची अंडी लघवीतून जातात त्या शिस्टोसोमा या कृमीची नोंद केली. हा परजीवी आफ्रिकेतला, पश्चिम आशियातला, आणि इथे कोकणातल्या खेड्यात. गावाचं नाव कागदावर होतं म्हणून नंतरच्या माणसांना तिथेच जाऊन पाण्यातल्या गोगलगाई शोधता आल्या, मधला यजमान, म्हणजे माणसाकडे येण्याआधी कृमी ज्या गोगलगाईत वाढतो ती, कोणती यावर वाद घालता आला. ‘कोकणातील एक गाव’ असं लिहिलं असतं तर तो वाद घालायलाही कुणाला जागा उरली नसती.

वाण किंवा नमुना हातोहात फिरतो तेव्हा लेबलही फिरतं, आणि चुकतंही. जगातल्या चांगल्या प्रयोगशाळांमध्येही जनुकीय तपासणी केल्यावर नळीवर एक नाव आणि आत दुसराच वाण निघाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून मलेरियाच्या वाणांच्या पेढ्या काढाव्या लागल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेतही अशी परजीवी पेढी आहे. तिथून काही मागवलंस तर आल्या आल्या स्वतः तपास. देणाऱ्याचा त्यात अपमान नाही.

विचित्र दिसणाऱ्या गोष्टीबद्दल आणखी एक सांगते. मलेशियात सारावाकच्या कापित भागात बाल्बीर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक काम छापलं. तिथल्या दवाखान्यांत कित्येक स्लाइड प्लाझमोडियम मलेरी या मलेरियाच्या आणखी एका परजीवीच्या म्हणून वाचल्या जात होत्या. मलेरीमध्ये परजीवी रक्तात थोडे असतात. या रुग्णांत ते जास्त होते, आणि पीसीआरला मलेरी काही सापडेना. निघाला माकडांमधला मलेरियाचा परजीवी, नोलेसी. त्याची माणसाला लागण होऊ शकते हे १९३२ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये नोल्स आणि दासगुप्ता यांनी दाखवलेलं होतं. म्हणजे माहिती छापील होती, परजीवी स्लाइडवर होता, दोघांची गाठ पडायला सत्तर वर्षं गेली. आता विचार कर, स्लाइड वाचणाऱ्या किती तंत्रज्ञांना मधल्या काळात वाटलं असेल की हे मलेरी नेहमीसारखं दिसत नाही, आणि त्यांनी ते कुणाला विचारलं नसेल, कारण रजिस्टरमध्ये तसा रकानाच नाही. तुझ्या वहीत तो रकाना कर. ‘जुळत नाही’ असं शीर्षक दे.

आता गाईडचं बरोबर असलेलं अर्धं.

रुग्णाचं नाव, फोन, चेहरा, हे कुणालाही नाही. हे तू म्हणशील की माहीतच आहे. पण व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘हे काय असेल?’ म्हणून टाकलेल्या स्लाइडच्या फोटोत कडेला नाव दिसतं, हे मी कितीदा पाहिलंय. मजुरांच्या बाबतीत याहून पुढे जा. साइटचं आणि ठेकेदाराचं नाव पेपरमध्ये नको, पोस्टरवर नको, कॅन्टीनमधल्या गप्पांतही नको. ‘अमुक साइटवर मलेरिया’ असं बोललं गेलं तर पहिला दणका कुणाला बसतो? टाकी उघडी ठेवणाऱ्याला बसत नाही, ताप आलेल्याला बसतो; त्याला गावी पाठवून दुसरा आणतात. रक्त देणाऱ्या माणसाची रोजी तुझ्यामुळे जाता कामा नये. मग गिमवीचं काय, असं विचारशील. नेमकं ठिकाण वहीत, जपून ठेवलेल्या यादीत. छापताना नोड किंवा वॉर्ड पुरे. ज्याला खरंच लागेल त्याने एथिक्स कमिटीमार्फत मागावं. महापालिकेच्या हिवताप विभागाला मात्र पॉझिटिव्ह रुग्ण आणि अळ्यांचं ठिकाण ताबडतोब कळलं पाहिजे, पेपर नंतर. मलेरियाची माहिती कळवणं तुझ्या मर्जीवर नाही.

परदेशी कुणी गोड मेल लिहून ‘थोडे नमुने पाठवा, आम्ही सीक्वेन्स करून (त्यांतला डीएनए वाचून) देतो’ म्हणालं, तर लगेच थर्मोकोलचा डबा शोधू नकोस. परदेशी सहकार्यातल्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. जैविक साहित्य परक्या हातात द्यायचं तर २००२चा जैवविविधता कायदा आहे. वर दोन संस्थांमधला नमुन्यांचा करार. कंटाळवाणं आहे, पण त्या करारातच लिहून घ्यायचं असतं की नाव कुणाचं लागणार, उरलेले नमुने कुणाचे, सीक्वेन्स कधी खुले करायचे. न लिहिता गेलेल्या नमुन्यांचं पुढे काय होतं, ते आपल्या देशातल्या जुन्या लोकांना विचार. चहा संपेल, गोष्टी संपणार नाहीत.

आणि तिसरं, दुसऱ्याने विश्वासाने दाखवलेला त्याचा न छापलेला डेटा. तो तुझा नाही. परिषदेच्या पोस्टरचा फोटो काढताना विचार.

एवढं सोडलं तर बाकीचं बोल. पद्धत बोल, अडचण बोल, बिघडलेला पीसीआर बोल, न मिळालेला निकाल तर आवर्जून बोल. ‘पीसीआरचा अमुक प्रायमर आपल्याकडच्या नमुन्यांवर चालत नाही’ हे कुणी छापत नाही, आणि म्हणून तीच रक्कम आणि तेच महिने पाच शहरांत पाच विद्यार्थी घालवतात. मुख्य निष्कर्षाबद्दल गाईडला भीती वाटत असेल तर त्यांनाच सुचव, की लिखाण तयार झालं की प्रीप्रिंट टाकू, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधी ते इंटरनेटवर खुलं करू. तारखेनिशी नोंद होते, कुणी पळवायची भीती कमी होते, आणि अनोळखी माणसं चुका काढतात. चुका छापण्याआधी निघालेल्या बऱ्या. सीक्वेन्स जेनबँक या जगभरच्या खुल्या साठ्यात टाकताना मात्र देश, वर्ष, यजमान हे रकाने रिकामे सोडू नकोस. प्लाझ्मोडीबीसारखी मलेरियाच्या जीनोमची संचिकाघरं तू रोज वापरतेस. ती अशा रकाने भरणाऱ्या माणसांवर चालतात.

अनोळखी शास्त्रज्ञाला मेल लिहायला तू लाजतेस हे मला माहीत आहे. लाजू नकोस, पण आळसही करू नकोस. त्यांचा जो पेपर वाचलास त्यातला नेमका कुठला आकडा कळला नाही ते विचार. ‘कृपया मला तुमच्या विषयाची माहिती पाठवा’ या मेलला उत्तर येत नाही आणि येऊही नये. भारतीय परजीवीशास्त्र संस्थेच्या परिषदेला जा. नोंदणीच्या पैशांसाठी गाईडच्या मागे लाग. तिथे मोठ्या भाषणांपेक्षा पोस्टरांच्या रांगेत थांब, जिथे जनावरांच्या डॉक्टरकीतले, मासेवाले, गोचीडवाले, हत्तीरोगवाले एकत्र असतात. माणसाच्या मलेरियावाल्यांना आपण परजीवीशास्त्राचे मालक आहोत असं वाटतं. ते वाटणं तिथे दोन तासांत उतरतं. तोवर सराव म्हणून बेलापूरच्या दिवाळे गावातून बांगडे आण आणि कल्ल्यांखाली बघ. नोरिलेका इंडिका नावाचा आयसोपॉड, माशावर जगणारा किडा, मिळण्याची चांगली शक्यता आहे. मासळी विकणाऱ्या मावशींना तो कधी जास्त येतो ते विचार, आणि मिळाला तर ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेव. फॉर्मलिनमध्ये ठेवलास तर पुढे डीएनए काढणारा तुला शिव्या घालेल.

पैसे भरा, आठवड्यात छापू, असं म्हणणाऱ्या जर्नलांकडे ढुंकून पाहू नकोस. तिथे छापलेलं काम पुरलेलंच बरं होतं असं म्हणायची वेळ येते, कारण ते ना कुणी तपासलेलं असतं ना कुणाला सापडतं.

श्रेयाचं शेवटी बोलते, पण ते सगळ्यात आधी ठरवायचं असतं. चीनच्या चिंगहाओसू (आर्टेमिसिनिन) या मलेरियावरच्या औषधाचा १९७७चा पहिला निबंध माणसांच्या नावाशिवाय, एका गटाच्या नावाने छापला गेला. ते शोधणाऱ्या शास्त्रज्ञ ‘तू यूयू’ यांना नोबेल मिळालं २०१५ मध्ये, आणि मधली कित्येक वर्षं कुणी काय केलं हेच बाहेर कुणाला धड माहीत नव्हतं. याच्या उलट टोकाला आपल्याकडचे काही पेपर, ज्यांत विभागप्रमुखांचं नाव असतं आणि रक्त घेणाऱ्याचं नसतं. चीनमध्ये आमॉयला मॅन्सनने फायलेरियाचे, म्हणजे हत्तीरोगाचे, जंतू रक्तात रात्रीच का दिसतात हे शोधलं ते दोन विद्यार्थ्यांना पाळीने बसवून, एक दिवसा आणि एक रात्री. रात्रपाळी करणाऱ्याचं नाव तुला माहीत आहे? मलाही नाही. कोलकात्यात रॉसचा मदतनीस मोहम्मद बक्श होता, त्याचं निदान नाव तरी राहिलं. ठाण्यात हत्तीरोगाच्या तपासणीला रात्री वस्त्यांत जाऊन, लोकांना झोपेतून उठवून बोटं टोचणारे आरोग्य कर्मचारी आणि तुझ्या साइटवर गप्पी मासे सोडायला येणारे हिवताप विभागाचे लोक, यांच्याशिवाय तुझ्या पेपरात ‘तक्ता क्रमांक १’सुद्धा नसेल. जो कामाच्या आखणीत, अर्थ लावण्यात आणि लिखाणात आहे तो लेखक. बाकीच्यांचे आभार नावानिशी, त्यांना विचारून. आणि पेपर आला की त्याची प्रिंट घेऊन त्यांच्या ऑफिसात जा, मराठीत दोन पानांत काय निघालं ते सांग. मजुरांसाठी हिंदीत. ही दोन पानं लिहायला तुला मूळ पेपरपेक्षा जड जातील.

गाईडशी भांडू नकोस. त्यांनी ‘कुणालाही’ म्हटलं ते बहुधा कुठेतरी हात पोळल्यामुळे. एक यादी कर: हे आत्ता दाखवायचं, हे छापल्यावर, हे कधीच नाही. ती त्यांच्यासमोर ठेव आणि त्यांची सही घे. त्यांनी एखादी ओळ खोडली तर का खोडली ते विचारून समजून घे.

येत्या रविवारी ये. ट्रान्स हार्बरला रविवारी मेगाब्लॉक असतो का बघून निघ. येताना त्या ‘जुळत नाही’वाल्या स्लाइड आण, क्रमांक घातलेल्या, नावं नसलेल्या, आणि वहीची ती पानं. पातळ आणि जाड दोन्ही. माझ्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेलाय, नवा बल्ब तुमच्या तंत्रज्ञांकडून मिळाला तर घेऊन ये, पैसे देते. इमर्शन ऑइल माझ्याकडे आहे.

तुझी,
मॅडम